घरी कधी कोणी ‘छान केलंस’ म्हणलं नाही, आता कोणी म्हणलं तर खोटं वाटतं... काय करू?

प्रश्न विचारणारी मुलगी कळव्याची, २७ वर्षांची, महाप्याला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. तिचं म्हणणं थोडक्यात सांगते. घरी कायम चुकाच काढल्या गेल्या, दहावीला ९१ टक्के पडले तेव्हा आई म्हणाली बाकीचे ९ कुठे गेले. आता मॅनेजर बरं बोलला की वाटतं ह्याला काहीतरी काम गळ्यात मारायचंय. ऑनलाईन स्ट्रेंथची टेस्ट दिली, त्यात सगळ्यात वर सावधपणा आला आणि तळाला उत्साह, ‘सावधपणा ही काय स्ट्रेंथ झाली का मॅडम’ असं विचारतीये. आणि शेवटी, सगळे सांगतात सपोर्टिव्ह माणसांमध्ये राहा, तर अशी माणसं आणू कुठून.

मी ठाण्यात, नौपाड्याला १९ वर्ष समुपदेशन करते, त्याच्याआधी ११ वर्ष वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पर्सोनेलला होते (तेव्हा आमच्याकडे एचआर म्हणायची फॅशन आली नव्हती). तुला अगं-तुगं करते, माझी लेक तुझ्याच वयाची आहे. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी घराचं बोलू कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्याकडे तोंडावर कौतुक करायचं नाही हा एक अलिखित कायदाच होता, अजूनही बऱ्याच घरांत आहे. दृष्ट लागते, पोर डोक्यावर चढतं, शेफारतं, गाफील राहतं. मग कौतुक व्हायचं पण पोराच्या पाठीमागे. तुझे ९१ टक्के आईने शेजारच्या काकूंना, दूधवाल्याला, गावच्या मामीला सांगितले असणार आणि तुला मात्र ९ चा हिशोब विचारला. बाबा कधी काही बोलले नसतील पण मंथ एन्डला तुला उशीर झाला की कळवा स्टेशनबाहेर स्कूटर घेऊन उभे असतील. हे तूच लिहिलंयस की बाबा न्यायला येतात, एका ओळीत, जणू काही त्यात विशेष नाही. पण मी तुला असं सांगणार नाही की बघ ते किती प्रेम करतात, आता तक्रार बंद कर. असं सांगणारे खूप भेटतील. प्रेम होतं आणि शब्द नव्हते, दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि शब्द नसल्याचा तोटा झालाच. तो असा की तुझ्याकडे चुका मोजायची फूटपट्टी अगदी मिलीमीटरपर्यंत बारीक तयार झाली आणि काय जमलं हे मोजायला काहीच हाताशी नाही. त्यामुळे कोणी बरं बोललं की ते ठेवायचं कुठे हेच कळत नाही, मग परत करून टाकायचं. ‘नाही हो सर, त्यात काय एवढं.’

तू अकाउंट्सवाली आहेस म्हणून तुझ्याच भाषेत सांगते. प्रुडन्सचं तत्त्व शिकली असशील, होऊ शकणाऱ्या तोट्याची तरतूद आधीच करून ठेवायची आणि नफा मात्र पक्का झाल्याशिवाय धरायचा नाही. कंपनीच्या वह्यांना हे बरोबर आहे. तू स्वतःच्या वह्यापण अशाच लिहितीयेस. मॅनेजरने केलेलं कौतुक सरळ डाउटफुल डेटमध्ये (म्हणजे वसूल होईल का नाही अशी शंका असलेलं येणं), आणि त्याच्या आवाजात जरा चीड दिसली की तो तोटा त्याच दिवशी बुक.

आता मुद्द्याचं. लोक कौतुक, स्तुती, प्रोत्साहन हे सगळं एकच समजतात. माझ्या मते तिथेच गडबड आहे. मला हे कुठल्या पुस्तकातून नाही, कारखान्यात कळलं. आमच्याकडे एक जुने टर्नर होते, म्हणजे लेथ मशीनवर काम करणारे, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. आयटीआय करून आलेली अप्रेंटिस पोरं त्यांच्या हाताखाली असायची. मास्तरांच्या तोंडून शाबास हा शब्द मी ११ वर्षांत एकदाही ऐकला नाही. जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, बिघडला तरी ते आरडाओरडा करायचे नाहीत, तो जॉब पोराच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे ‘मोज’. पोरगं मोजायचं, कुठे किती गेलं ते स्वतःच सांगायचं, मग मास्तर विचारायचे टूल कधी बदललं होतंस. आणि एखाद्याचे लागोपाठ जॉब मापात यायला लागले की एक दिवस खिशातून स्वतःचा मायक्रोमीटर (अगदी बारीक मापं घ्यायचं साधन) काढून त्याच्या हातावर ठेवायचे, ‘आजपासून ह्याने मोजायचं, आणि तो बारीक मापाचा जॉब उद्यापासून तू लाव’. संपलं. त्या वेळचे पोरांचे चेहरे मी बघितलेत, पगारवाढीच्या पत्राला पण तसे व्हायचे नाहीत, आणि पत्रं मीच वाटायचे म्हणून खात्रीने सांगते.

त्या मायक्रोमीटरमध्ये काय होतं बघ. तुझं काम मी बारकाईने बघितलंय. कुठे सुधारलास ते मला माहितीये. आणि याच्यापुढचं अवघड तू करशील असं मला वाटतं, इतकं की माझी वस्तू तुझ्या हातात देतोय. एवढं सगळं न बोलता. माझ्यासाठी प्रोत्साहनाची व्याख्या हीच. स्तुती झालेल्या कामावर शिक्का मारून मोकळी होते, आणि पुढच्या कामाकडे ढकलतं ते प्रोत्साहन.

शास्त्रज्ञांनी यावर काम केलंय, उगीच माझं म्हणणं नाही. १९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या दोघींचे प्रयोग छापून आले, अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवरचे. मुलांना आधी जमतील अशी कोडी दिली, मग काहींना म्हणलं तू हुशार आहेस, काहींना म्हणलं तू खूप मेहनत घेतलीस, फरक फक्त त्या एका वाक्याचा. पुढचं काम निवडायला सांगितल्यावर हुशार म्हणलेली बरीच मुलं सोपं मागायला लागली, हुशारीचा शिक्का जाऊ नये म्हणून. मग मुद्दाम खूप अवघड कोडी दिली, त्यात सगळेच आपटले, आणि नंतर परत पहिल्याइतकी सोपी दिली तर हुशारवाल्यांचे मार्क आधीपेक्षा कमी आले आणि मेहनतवाल्यांचे वाढले. चांगल्या मनाने केलेलं कौतुक, आणि त्याचा हा परिणाम!

मी स्वतः ही चूक केलीये. सुरवातीची वर्ष होती, एक दहावीतला मुलगा आणला होता आईने, अभ्यासात लक्ष नाही, घरी कायम बोलणी. वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढायचा, रिक्षा, तलावपाळीवरचे घोडागाडीवाले, खरंच हात चांगला होता. मला वाटलं याला कोणी कधी चांगलं म्हणलं नाहीये तर आपण भरपूर म्हणूया. दर भेटीत ‘अरे काय अप्रतिम, तू मोठा आर्टिस्ट होणार बघ’. चार-पाच भेटींनंतर तो चित्रं आणेनासा झाला. मग यायचाच बंद झाला. बऱ्याच वर्षांनी गोखले रोडवर भेटला, नोकरीला लागला होता, हसत म्हणाला मॅडम तुम्ही एवढं बोलायचात ना की मला टेन्शन यायचं, पुढचं चित्र तेवढं नाही आलं तर? रस्त्यात उभी राहून मी त्याला सॉरी म्हणलं, तोच बिचारा अवघडला. पुढे २०१४ साली नेदरलँड्समधल्या एडी ब्रुमेलमन आणि त्याच्या सहकाऱ्यांचं संशोधन आलं, त्यात हेच. ज्या मुलांचं स्वतःबद्दलचं मत आधीच पडलेलं असतं त्यांना मोठी माणसं जास्त फुगवून कौतुक देतात, आणि नेमकी तीच मुलं त्याने अवघड काम टाळायला लागतात. वाचताना मला तो मुलगाच दिसत होता.

तर तुला जे खोटं वाटतं ना, ते अगदीच चूक नाहीये. तुझ्या आजूबाजूला फिरणाऱ्या स्तुतीतली बरीचशी खरंच फुकट असते. ग्रुपवर ‘ग्रेट जॉब टीम’ आणि खाली १४ अंगठे. आणि हो, कौतुक करून काम गळ्यात मारणारे मॅनेजर असतात, ठाणे-बेलापूर रोडवर तर पोत्याने सापडतील. ओळखायचं कसं? माझी साधी कसोटी आहे, तो तुला *अवघड* काम देतोय का *जास्त* काम देतोय ते बघ. त्याच एन्ट्र्या आणखी २०० मारायला दिल्या तर ते गळ्यात मारणं. ऑडिटरसोबत तू बस, प्रश्न तू हाताळ, अडलीस तर मी आहे, असं म्हणला तर तो मायक्रोमीटर आहे. घे.

आणि पुढच्या वेळी तो काही बरं बोलला की फक्त एवढं करायचं. ‘त्यात काय एवढं’ हे वाक्य गिळायचं, आणि म्हणायचं, थँक्यू सर, नक्की कुठला भाग उपयोगी पडला? त्याला सांगता आलं तर ते बोलणं खरं होतं आणि तुला माहिती पण मिळाली. नाही सांगता आलं तर तो नुसता शिष्टाचार होता, त्यातही काही पाप नाही, नमस्काराला नमस्कार. पहिल्यांदा विचारताना घशात अडकेल. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी आरशासमोर नाही, माझ्यासमोर चार वेळा म्हणायला लावते.

एक गोष्ट मात्र मनात पक्की कर, नुसत्या दुसऱ्याच्या शब्दांनी आत्मविश्वास फार टिकत नाही, शब्द कितीही खरे असले तरी. अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये हे नीट मांडलं, ‘मला हे जमेल’ हा विश्वास चार ठिकाणांहून येतो. सगळ्यात दणकट म्हणजे स्वतः करून जमलेलं असणं. मग आपल्यासारख्याच कोणाला तरी जमताना बघणं. मग दुसऱ्याने ‘तुला जमेल’ म्हणणं. आणि चौथं शरीराची अवस्था, म्हणजे छाती धडधडतीये ते घाबरल्यामुळे का जोशामुळे याचा आपण लावलेला अर्थ. शब्दांचा नंबर तिथे मागेच आहे. म्हणून मोटिव्हेशनच्या रील्स बघून रात्री ११ ला वाटतं उद्यापासून आयुष्य बदलतंय आणि सकाळी ठाण्याला १० नंबर प्लॅटफॉर्मवर पोचेपर्यंत सगळं उतरलेलं असतं.

मग करून जमलेलं गोळा करायचं. मी एक वही ठेवायला सांगते, फोनमध्ये नको, कागदाची. रोज एक ओळ. नियम एकच की त्यात विशेषण आलं नाही पाहिजे. ‘आज चांगलं काम केलं’ हे चालणार नाही, ते स्वतःच स्वतःला मारलेलं मस्का आहे. ‘त्या पॅकिंगवाल्याचं क्रेडिट टू-बी मध्ये (म्हणजे जीएसटीच्या दर महिन्याच्या क्रेडिटच्या यादीत) दिसत नव्हतं, त्याने इनव्हॉइस नंबर चुकीचा टाकला होता ते शोधलं, फोन करून सुधारून घ्यायला सांगितलं’, हे चालेल. व्हाउचर जोडल्यासारखं. महिन्याने वही उघडशील तेव्हा त्या २५ ओळींना डाउटफुल म्हणता येत नाही, पुरावा जोडलाय ना. तुझ्यासारख्या माणसाला हीच भाषा पटते, भावनेने नाही पटत, म्हणून तुला ही वही. माझ्याकडे सगळ्यांनाच वही नाही देत मी, काहींना तर वहीची वेगळीच भीती असते.

आता तो रिपोर्ट. तू दिलेली टेस्ट बहुतेक व्हीआयए नावाची गुणांची चाचणी दिसतीये, ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००४ मध्ये जी २४ गुणांची यादी केली त्यावरची. आधी एक गैरसमज काढ, ती तुझ्याच २४ गुणांची क्रमवारी असते, तळाला उत्साह आला म्हणजे तू निरुत्साही असा त्याचा अर्थ नाही, घरातल्या २४ भांड्यांपैकी हे भांडं तू सगळ्यात कमी वापरतेस एवढंच. आणि उत्तरं तूच दिलीस, ज्या मूडमध्ये दिलीस तो मूड पण त्यात उतरतो.

दुसरं, नुसतं आपली स्ट्रेंथ कळून काही होत नाही. २००५ साली सेलिगमन, पीटरसन वगैरेंनी लोकांना वेगवेगळे छोटे उपाय एक आठवडा करायला दिले आणि मग सहा महिने मागोवा घेतला. ज्यांना फक्त आपले मुख्य गुण ओळखायला सांगितलं त्यांचा फायदा लवकरच विरला. ज्यांना त्यातला एक गुण रोज नव्या प्रकारे वापरायला सांगितला त्यांचा फायदा सहा महिन्यांपर्यंत दिसत होता. आता ते लोक स्वतःहून वेबसाईटवर आलेले होते, म्हणजे बदलायची इच्छा असलेले, हे ध्यानात ठेवायचं, पण तूपण स्वतःहूनच विचारतीयेस ना. तर तुझा रिपोर्ट फोनमध्ये पडून आहे आणि काही फरक पडला नाही, यात तुझा आळस नाही, नुसत्या रिपोर्टने पडणारच नव्हता.

सावधपणा ही स्ट्रेंथ आहे का, अगं तू ज्या टेबलावर बसतेस तिथे तर त्याच्यासारखी दुसरी नाही. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला आर-वन आणि २० ला थ्री-बी ही जीएसटीची रिटर्न्स, या तीन तारखांच्या मध्ये कोण टिकतं? उत्साही माणूस टिकतो पण दंड भरून. गंमत अशी की आपल्याला जे सहज येतं त्याची आपल्याला किंमत वाटत नाही, सगळ्यांनाच येत असेल असं वाटतं. म्हणून मी टेस्टपेक्षा दुसरे दोन प्रश्न विचारते. लोक तुझ्याकडे नेमकं काय विचारायला येतात? आणि दुसऱ्याने कुठलं काम वाईट केलेलं बघून तुझा जीव कासावीस होतो? तू तुझ्या पत्रात सहज लिहिलंयस की ‘बाजूची मुलगी लेजर न बघता पेमेंट सोडते, मला बघवत नाही’. ते न बघवणं म्हणजेच स्ट्रेंथ. मला नाही होत तसं काही, मी तर बँकेचं पासबुक पण वर्षातून एकदा भरून आणते.

मग ते नव्या प्रकारे वापर. १४ तारखेला टू-बी आलं की सगळे धावपळ करतात, तू त्याच्या आधीच नेहमी घोळ घालणाऱ्या व्हेंडर्सची यादी काढून त्यांना एक साधा मेसेज टाकायची पद्धत बसव. बाजूच्या मुलीला न बघवण्यापेक्षा अर्धा तास बसून शिकव, तुला जमेल की नाही शंका असेल तर तेच त्या दिवसाचं अवघड काम. बाबांच्या पीएफचे, पेन्शनचे कागद कोण बघतं घरी? भावाला एज्युकेशन लोन लागलं तर तो करार कोण वाचेल? या सगळ्यात तुझा सावधपणा लोकांच्या उपयोगाचा आहे, आत्तापर्यंत तू तो स्वतःवर पहारा करायलाच जास्त वापरलायस.

आणि हा गुण मिठासारखा आहे हेही सांगून ठेवते. जास्त झाला की नडतो. तीन-तीनदा तपासून मंथ एन्डला तूच शेवटची थांबतेस ना? मेल पाठवायच्या आधी ड्राफ्ट दोन दिवस पडून असतो ना? तिथे तिसरं तपासणं कापायचं. तसंच ‘बोलणं ही माझी स्ट्रेंथ नाही’ म्हणून मीटिंगमध्ये कधीच तोंड उघडायचं नाही, हे चालणार नाही. स्ट्रेंथवर भर द्या म्हणणारे लोक हे विसरतात की काही गोष्टींत पस्तीस मार्क लागतातच. तुला वक्ता नाही व्हायचंय, एका मीटिंगला एक वाक्य, तेही आकड्यावरचं, एवढंच. काठावर पास झालं तरी पुरे.

फीडबॅकबद्दल जाता जाता. क्लूगर आणि डेनिसी या दोघांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे जुने अभ्यास एकत्र केले, ६०७ निष्कर्ष, त्यात एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅक दिल्यावर काम उलट बिघडलं होतं. विशेषतः बोलणं कामावरून घसरून माणसावर गेलं की. तुझ्या अप्रेझलनंतर तू आठवडाभर कोमेजली होतीस ना, तर दरवेळी दोष तुझ्या नाजूकपणाचा नसतो, ‘या महिन्यात दोन एन्ट्र्या चुकल्या’ आणि ‘तू निष्काळजी आहेस’ यात फरक आहे आणि बोलणाऱ्याला तो कळायला हवा.

आता माणसं कुठून आणायची. हा प्रश्न वाचून मला जरा हसू आलं कारण आपण ‘सपोर्टिव्ह माणूस’ म्हणलं की एक संपूर्ण पॅकेज डोळ्यासमोर आणतो, जो ऐकेल, समजून घेईल, रात्री २ ला फोन उचलेल, सल्ला देईल आणि दुखावणार पण नाही. असं कोणी नसतं. माझ्याकडे पण नाही, माझ्या नवऱ्याला विचारा. वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या कामाची असतात, आणि तुझ्याकडे आहेत त्यातली काही, तू त्यांना मोजलं नाहीयेस इतकंच.

मोजायची एक युक्ती देते. आपण माणूस पारखतो तो संकटात. शेली गेबल आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००४-२००६ च्या सुमाराला उलटं बघितलं, आपली *चांगली* बातमी समोरचा कशी घेतो ते, आणि त्यावरून नातं कसं आहे हे जास्त कळतं असं दिसलं. समज तू सांगितलंस, मला सिनियर केलं. एक म्हणेल ‘अगं काय सांगतेस! कसं झालं, कोणी सांगितलं, तुला काय वाटलं?’ एक म्हणेल ‘अरे वा, छान’ आणि फोनमध्ये बघेल. एक म्हणेल ‘म्हणजे आता काम वाढणार, पगार किती वाढवला पण?’ आणि चौथी म्हणेल ‘अगं हो का, ऐक ना माझ्याकडे काल काय झालं’. चारही माणसं वाईट नाहीत हां, आपली आई तर बऱ्याचदा तिसऱ्या गटातली असते आणि ती काळजीने बोलत असते. पण लहानशी चांगली बातमी घेऊन कोणाकडे जायचं हे तुला कळलं. पहिल्या प्रकारची एक जरी असली तरी भरपूर.

एक खरंच भरपूर असते का? एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी हवाईमधल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा पुढे कित्येक दशकं अभ्यास केला. गरिबी, घरात भांडणं, दारू, आजारपण अशा बऱ्याच अडचणी ज्यांच्या वाट्याला आल्या त्यातली जवळजवळ एक तृतीयांश मुलं तरीही धडपणे मोठी झाली, आपापल्या पायावर उभी राहिली. त्यांच्यात जे समान सापडलं त्यातली एक गोष्ट म्हणजे कोणीतरी एक भरवशाचं माणूस. आईबापच पाहिजेत असं नाही, आजी, शेजारीण, शाळेतल्या बाई, कोणीही चालत होतं.

तुझं ते एक माणूस बहुतेक गाडीत आहे. तू लिहिलंयस रोज ठाण्याहून वाशीची गाडी, लेडीज डबा, ठरलेला ग्रुप, पण ‘त्या काय नुसत्या गाडीतल्या मैत्रिणी’. नुसत्या कशाला म्हणतेस? ठाणे-वाशी मार्ग २००४ ला सुरू झाला तेव्हापासून त्या डब्यांमध्ये काय काय होताना मी बघितलंय, डोहाळजेवणं, हळदीकुंकू, दसऱ्याला डब्याला तोरण, भिशी, भाजी निवडणं आणि एकमेकींच्या सासवांचं पोस्टमॉर्टेम. त्यांना तुझा पगार, तुझं घर, तुझे ९ मार्क काही माहिती नसतं, म्हणून तिथे नव्याने सुरवात करता येते. एका मुलीने मला सांगितलं होतं, तिने सीएची परीक्षा सोडून द्यायचं ठरवलं होतं, घरी नाही, आधी डब्यात सांगितलं, तर कोपरखैरणेला उतरणाऱ्या एका मावशींनी काही उपदेश केला नाही, फक्त रोज विचारायच्या ‘आज किती पानं झाली गं?’ रोज. चिडायची ती. पण पानं व्हायला लागली. मास्तरच की, फक्त साडीतले.

कुठे नवीन माणसं जोडायची असतील तर मैत्रीण शोधायला जाऊ नकोस, काम शोधायला जा जिथे सारखी तीच माणसं भेटतात. येऊरला रविवारी सकाळी चालणारे ग्रुप आहेत, आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे १८९३ पासूनचं, नाटकाचे, ढोलताशाचे ग्रुप आहेत, काहीही. आणि तिथे गेल्यावर आधी तू दुसऱ्याचं काहीतरी नेमकं बघून सांग. विशेषण नाही, नेमकं. जो नियम वहीला तोच.

आईला मात्र सुधारायला जाऊ नकोस. माझ्याकडे येणाऱ्या एकीने जोशात घरी जाऊन आईला सांगितलं, आई, तू माझ्या बारावीला रोज पहाटे उठून माझ्यासोबत बसायचीस, त्यामुळे मला अभ्यास जमला. आई म्हणाली, ‘बरं नाही का तुला?’ आणि कपाळाला हात लावून बघितला. पण रात्री जेवताना भाजी तिच्या आवडीची होती. एवढंच होईल, जास्तीची अपेक्षा ठेवलीस तर परत डाउटफुल डेट.

एक गंभीर गोष्ट. हे सगळं मी तुझ्या पत्रावरून लिहितीये, ज्यात तू जेवतीयेस, झोपतीयेस, चिडतीयेस, प्रश्न विचारतीयेस. पण दोन आठवडे झाले आणि झोप उडालीये किंवा उठवतच नाही, जेवण जात नाही, कशातच मन नाही, आपण नसलो तर बरं असे विचार येतायत, असं असेल तर वही-बिही बाजूला ठेव आणि डॉक्टरांना भेट. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलता येतं. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय असल्यामुळे ‘ठाण्याला पाठवा याला’ हा विनोद आपण सगळे ऐकत मोठे झालोय, त्या विनोदापायी लोक यायला लाजतात आणि उशीर करतात. तू आधीच ठाण्याच्या पलीकडच्या स्टेशनवर राहतेस, तुला काय लाजायचंय.

शेवटचं, कधी सुरू करायचं विचारलंयस. २० तारखेनंतर कर. थ्री-बी भरून झालं की दुसऱ्या दिवशी वही घे, १०० पानी पुरेल. ११ ते २० च्या मध्ये तुमच्या फिल्डमध्ये कोणाला स्वतःबद्दल बरं वाटत नाही, तेव्हा काढलेलं कुठलंच अनुमान खरं धरू नकोस.